जैविक वयाची किट: एकच थुंकी, दोन वयं

बावन्नावा वाढदिवस झाला त्याच आठवड्यात ही लाळेवरून जैविक वय, म्हणजे शरीर आतून किती वर्षांचं झालंय, ते सांगणारी किट मागवली. कंपनीचं नाव लिहीत नाही.

किट नीटनेटकी आहे. एक नळी, छोटं नरसाळं, झाकणात भरलेलं द्रावण. आधी अर्धा तास पाण्याचा घोटही घ्यायचा नाही आणि रेषेपर्यंत लाळ भरायची. ऐकायला सोपं, पण तोंड नेमकं तेव्हाच कोरडं पडतं. फेस धरायचा नाही हे बारीक अक्षरांत लिहिलेलं, ते मी नळी भरल्यावर वाचलं. एकूण वीस मिनिटं थुंकत बसले. पाच आठवड्यांनी ॲपवर आकडा आला: 56.4, लालभडक.

डॉक्टर दहा वर्षं जे सांगत होते ते त्या लाल रंगाने एका दुपारी करून घेतलं, हे कबूल करते. लपूनछपून ओढत असलेल्या दोन सिगारेटी बंद. रात्री फोन दुसऱ्या खोलीत. रोज पाऊण तास चालणं, आठवड्यातून तीनदा वजनं उचलणं. साडेआठ महिने खाडा जवळजवळ नाही.

मग दुसरी तपासणी. आयुष्य हिशेब तपासण्यात गेलंय, त्यामुळे एका आकड्यावर विश्वास बसत नाही. एकाच सकाळी, एकापाठोपाठ दोन नळ्या भरल्या. एक माझ्या खात्यावर, दुसरी बहिणीच्या खात्यावर, जन्मतारीख मात्र दोन्हीकडे माझीच. माझ्या फोनवर 51.9 आलं आणि साडेचार वर्षं ‘परत मिळवल्याबद्दल’ फुगे उडाले. बहिणीच्या फोनवर 55.6, लाल.

ग्राहक सेवेला विचारलं तर उत्तर आलं, ‘नैसर्गिक चढउतार’. दहा मिनिटांत पावणेचार वर्षांचा?

थोडं वाचल्यावर उलगडा झाला. आपल्या डीएनएवर ठरावीक जागी मिथाइल गट, म्हणजे छोटे रासायनिक तुकडे, चिकटलेले असतात आणि वयाबरोबर त्यांचं प्रमाण बदलतं. संशोधक स्टीव्ह होर्वाथ यांनी 2013 मध्ये अशा 353 जागांवरून वय ओळखणारं घड्याळ मांडलं. कल्पना भक्कमच आहे, मोजणी मात्र डगमगते. एकच नमुना दोनदा तपासला तर काही घड्याळांत 9 वर्षांपर्यंत फरक पडू शकतो, असं 2022 मध्ये संशोधकांनीच दाखवलं आणि तो कमी करणारी गणिती पद्धतही दिली. ती या कंपनीने वापरली का? अहवाल चोवीस पानी आहे, त्यात घड्याळाचं नावसुद्धा नाही. शिवाय लाळेत पांढऱ्या पेशी आणि गालाच्या आतल्या पेशी मिसळलेल्या असतात, ते मिश्रण बदललं की आकडाही हलतो. याबद्दलही चकार शब्द नाही. पूरक गोळ्यांच्या जाहिरातीला मात्र तीन पानं.

आणि ते फुगे! ‘कॅलरी’ नावाच्या चाचणीत लोकांनी दोन वर्षं आहार कमी केला. उद्दिष्ट 25 टक्क्यांचं होतं, जमलं सरासरी 12 टक्क्यांच्या आसपास. त्यातून ‘ड्युनेडिनपेस’ या मापावर म्हातारपणाचा वेग 2 ते 3 टक्क्यांनी मंदावला. ‘फीनोएज’ आणि ‘ग्रिमएज’ या घड्याळांवर ठळक फरक दिसलाच नाही. दोन वर्षं पोट मारून एवढंच, तर माझ्या साडेआठ महिन्यांना साडेचार वर्षं कोणत्या हिशेबाने?

या काळात माझा वरचा रक्तदाब 142 वरून 126 वर आला. तीन जिने चढून फोनवर बोलता येतं, पूर्वी समोरचा विचारायचा, रडतेयस का? यातलं काहीच किटने मोजलेलं नाही.

वर्गणी बंद करायचं बटण चौथ्या पडद्यावर लपवलंय. तिथे पोचल्यावर ॲप विचारतं, ‘तरुण व्हायचं नाही का?’

पाचपैकी दोन तारे. एक त्या लाल रंगाला, दुसरा नळीच्या झाकणाला. तिन्ही वेळा थेंबभरही गळलं नाही.