जुन्या गाडीचा उगाच वाजणारा अलार्म: दुरुस्तीनंतरचे आठ महिने

गाडी २००९ सालची पेट्रोल हॅचबॅक, साताऱ्यात गोडोलीत उघड्यावर उभी असते. अलार्म नंतर बाहेरून बसवलेला: सायरन, सेंट्रल लॉक, शॉक सेन्सर (गाडीला बसलेला धक्का ओळखणारी डबी) आणि चार दरवाजे, डिकी, बॉनेट यांचे पिन स्विच, म्हणजे झाकण बंद झालं की दबणारी पिन असलेले स्विच. तक्रार एकच, रात्री दोन-तीनच्या सुमारास कुणी हात न लावता सायरन सुरू. दुरुस्ती मे महिन्यात झाली. त्यानंतर अख्खा पावसाळा, गणपती आणि उसाचा निम्मा हंगाम गेला, त्यामुळे काय टिकलं नि काय नाही हे आता खात्रीने सांगता येतं.

अशी गाडी दाखवली की बहुतेक ठिकाणी आधी शॉक सेन्सरचा स्क्रू फिरवून तो मंद करतात. हे करू देऊ नका. दोष स्विचमध्ये असेल तर वाजणं थांबत नाहीच, उलट उद्या कुणी खरंच काच फोडली तर अलार्म गप्प बसतो.

सुरुवात बॅटरीपासून करावी. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी १२.४ व्होल्ट किंवा जास्त हवेत, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. बॅटरी १२ च्या खाली गेलेली असेल तर आधी तीच बघा, कारण कमी व्होल्टेजवर अलार्मचा डबा काहीही करू शकतो. बॅटरी ठीक असेल तर एका रात्री एकाच गोष्टीची जोडणी काढायची. पहिल्या रात्री डॅशबोर्डखालचा सेन्सरचा प्लग काढून गाडी लॉक करा. तरी वाजली तर सेन्सर निर्दोष. दुसऱ्या रात्री बॉनेट स्विचची वायर काढून टोकाला टेप लावा. बॉनेट किंवा दार उघडलं की हे स्विच वायरला अर्थ देतात (म्हणजे गाडीच्या बॉडीशी जोडतात), म्हणून वायर सुटी ठेवली की अलार्मला बॉनेट बंदच वाटतं. मग त्याच पद्धतीने एकेक दरवाजा. घाईने दोन जोडण्या एकदम काढल्या तर हाती काही लागत नाही.

इथे दोष बॉनेट स्विचचा निघाला, आणि बाहेरून बसवलेल्या जुन्या अलार्ममध्ये बहुधा तोच निघतो. बाहेर काढल्यावर वरची रबरी टोपी तडकलेली, स्प्रिंग गंजून तांबूस, आणि पिन नि धातूच्या नळीच्या मध्ये ओला चिखल दाटलेला. पिन दाबून धरली की मल्टिमीटरवर काहीच जोड दिसायला नको. इथे काही किलोओहम दिसत होते. एवढी गळती अलार्मला ‘बॉनेट उघडलं’ असं समजायला पुरते. रात्री दव पडलं की चिखल ओलावतो, गळती वाढते. दिवसा इंजिनच्या उष्णतेने सगळं वाळतं, म्हणून गॅरेजमध्ये नेल्यावर गाडी शहाण्यासारखी वागते आणि वायरिंगवाला ‘काही नाही’ म्हणून परत पाठवतो.

नवा स्विच रबरी टोपीसकटच घ्या. त्याला अर्थ बॉडीतून मिळतो, तेव्हा भोकाची कड पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा आणि स्विच बसवल्यावर बाहेरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या. वायरचा जोड नुसता पिळून टेप गुंडाळू नका, बॉनेटखालच्या उष्णतेने टेपचा गोंद सुटतो. कथलाचा डाग देऊन वर हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळते ती) चढवा. वायरला खाली झोळ ठेवा, म्हणजे पाणी ओघळून तिथून टपकतं, टर्मिनलपर्यंत पोचत नाही.

उंचीचं मोजमाप सगळ्यात जास्त चुकतं. स्विचच्या शेजारी पत्र्यावर कणकेची गोळी ठेवून बॉनेट नीट बंद करा, पुन्हा उघडून चेपलेल्या गोळीची जाडी मोजा. पत्र्याच्या वर आलेली पिन त्या जाडीपेक्षा पाच-सहा मिलिमीटर उंच हवी. कमी असेल तर खड्ड्यातून जातानाही संपर्क जुळतो-तुटतो. फार जास्त असेल तर पिन पूर्ण दबूनही बॉनेट स्विचवर टेकतं आणि स्विच मोडतो.

ड्रायव्हरच्या दाराची पिन झिजली होती. तिच्या टोकाला रबराचा तुकडा चिकटवला, तो सप्टेंबरच्या पावसात निघून पडला. त्या आठवड्यात अलार्म एकदा वाजला, आणि कारण लगेच कळलं, कारण दार बंद असूनही आतला दिवा मिणमिणत होता. नवा स्विच बसवला, विषय संपला. असा जुगाड पहिल्यांदाच टाळायला हवा होता.

सेन्सर डबल टेपवर लटकत होता. उन्हाने टेप मऊ होतो, डबी हलते आणि स्वतःच्याच हलण्याने वाजते. आता तो केबल टायने डॅशबोर्डमागच्या लोखंडी ब्रॅकेटला घट्ट बांधला आहे. प्लॅस्टिकला किंवा वायरच्या जुडग्याला बांधू नका. सेटिंग करताना स्क्रू सगळ्यात कमीवर आणा, काचा बंद करून गाडी लॉक करा, मिनिटभर थांबा, मग पुढच्या काचेच्या खांबावर तळहाताने थाप मारा. हलक्या थापेला नुसता इशारा आणि जोराच्या थापेला पूर्ण सायरन, इथवर स्क्रू थोडा थोडा वाढवत आणायचा नि तिथे सोडायचा. रात्री घरासमोरून उसाचे ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन गेले तरी आता गाडी वाजत नाही. गणपतीत डॉल्बी जवळून गेला तेव्हा इशारा मात्र झाला. तो दोष नाही; तेवढ्या आवाजाने काचाच थरथरतात, आणि तेही थांबवायला गेलात तर फुटणारी काचही कळणार नाही.

सायरनला चावीची खाच असेल तर आत त्याची स्वतःची छोटी बॅटरी असते. ती जुनी झाली की सायरन आपोआप वाजू शकतो, तेव्हा तोही तपासा. इथला साधा आहे, फक्त तोंड खाली करून बसवला.

डिकीचा स्विच अजून जुनाच आहे. दाबल्यावर मीटर काही दाखवत नाही, म्हणून हात लावलेला नाही. जून लागायच्या आधी तो पुन्हा मोजायचा आहे.