केरी, क्लेअर की डोनेगॉल? आयर्लंडमध्ये गाडी कुठे न्यायची आणि कुठे लावून ठेवायची

आयर्लंडला आठवडाभर गाडीनं फिरायचं ठरलं की बहुतेक जण नकाशावर पश्चिम किनाऱ्याला धरून एक लांबलचक रेघ मारतात. रोज नवं गाव, रोज नवा मुक्काम. त्या किनाऱ्यावरचा ‘वाइल्ड अटलांटिक वे’ तब्बल 2,500 किलोमीटरचा आहे, हे कळल्यावरही रेघ फारशी आखूड होत नाही. मी डब्लिनला राहतो. असे आराखडे ‘जरा नजर टाक’ म्हणून माझ्याकडे येत असतात. माझं प्रत्येकाला एकच सांगणं असतं: एक काउंटी (म्हणजे जिल्हा) निवडा, फार तर दोन, आणि एका गावात निदान तीन रात्री राहा.

याला कारण आहे. इथल्या गावांची खरी गंमत रात्री साडेनवाच्या पुढे सुरू होते आणि ती बहुतेक पबमध्येच असते. दिवसभर दोनशे किलोमीटर गाडी हाकून आलेला माणूस तेव्हा झोपलेला असतो. किंवा गावाबाहेरच्या हॉटेलात उतरलेला असतो आणि परत गाडी चालवायची म्हणून ग्लासकडे नुसता बघत बसतो. गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा इथे 100 मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम आहे आणि रस्त्यात तपासणी होते. लहान गावात रात्री टॅक्सी मिळेलच असं नाही. म्हणून गाव निवडताना मी आधी एकच गोष्ट बघतो: पबपासून खोलीपर्यंत चालत जाता येतं का?

या कसोटीवर तीन काउंटी शेजारी-शेजारी ठेवून बघू.

केरी: आई-बाबा बरोबर असतील तर

किलार्नी हे पर्यटकांचं गाव आहे, हे आधीच मान्य करून टाकू. दुकानांत लोकरीचे स्वेटर आणि मेंढ्यांची चित्रं असलेले मग, पबमध्ये माइक लावून गाणी, रस्त्यावर बसेसची रांग. पण साठी-सत्तरीची माणसं बरोबर असतील तर याच गोष्टी सोयीच्या ठरतात. रेल्वे आहे, भारतीय जेवण मिळतं, हॉटेलला लिफ्ट असते. 1932 साली स्थापन झालेलं देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान गावाला चिकटूनच आहे. गाडी हॉटेललाच ठेवायची आणि टांग्यानं आत जायचं. टांगेवाल्यांची तोंडं घोड्यांपेक्षा जास्त चालतात, आणि त्यांच्या गोष्टींतलं निम्मं खरं मानलं तरी पैसे वसूल होतात. मक्रॉस हाउसच्या आवारात 1930-40च्या काळातली शेतकऱ्यांची घरं जशीच्या तशी चालू ठेवली आहेत. चुलीवरचा ब्रेड, कोंबड्या, जुनी अवजारं. खेड्यात वाढलेल्या माणसाला तिथून बाहेर काढणं कठीण जातं.

‘रिंग ऑफ केरी’ हा 179 किलोमीटरचा फेरा. बसेस किलॉर्ग्लिनच्या बाजूनं, घड्याळाच्या उलट्या दिशेनं निघतात. तुम्ही सुलट दिशेनं गेलात तर अरुंद वळणांवर त्या समोरून येतात, त्यांच्याच दिशेनं गेलात तर दिवसभर एखाद्या बसची पाठ बघावी लागते. सकाळी आठच्या आत निघा, किंवा सरळ सोडून द्या. सोडलात तर मला वाईट वाटणार नाही. किलॉर्ग्लिनला मात्र 10 ते 12 ऑगस्टदरम्यान असाल तर थांबा. पक फेअर नावाची जत्रा असते, त्यात डोंगरातून पकडून आणलेल्या रानबोकडाला मुकुट घालून राजा करतात. ही जत्रा पर्यटकांसाठी मांडलेली नाही. घोड्यांचा बाजारही भरतो आणि गाव अक्षरशः ओसंडतं.

माझ्या लेखी केरीचं खरं मुक्कामाचं गाव म्हणजे डिंगल. किलार्नीपासून तास-सव्वा तासावर, मासेमारीचं बंदर, संपूर्ण गाव दहा मिनिटांत पायी पालथं घालता येतं. फॉक्सी जॉन्समध्ये एका बाजूला खिळे, रंगाचे डबे आणि सायकलचे टायर, दुसऱ्या बाजूला बार. डिक मॅक्समध्ये चामड्याच्या कामाचं काउंटर अजून शाबूत आहे. इथून पुढचा भाग आयरिश भाषा बोलणाऱ्यांचा. तिथल्या पाट्यांवर नावं फक्त आयरिशमध्ये असतात, त्यामुळे मोबाइलवरच्या नकाशात दोन्ही नावं आधी बघून ठेवा. स्ली हेडचा किनारी रस्ता घड्याळाच्या दिशेनं करा. कॉनर पासच्या घाटात मोठ्या वाहनांना बंदी आहे. सात आसनी गाडी घेतली असेल तर तिकडे वळू नका.

क्लेअर आणि गॉलवे: संगीतासाठी, आणि पहिल्यांदाच येत असाल तर

माझा कौल इथे. डूलिनचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मोहरच्या कड्यांखालचं हे चिमुकलं गाव, पण पब नामांकित. उन्हाळ्यात रोज रात्री वाजवतात आणि रोज रात्री गर्दी असते. हिवाळ्यात बरंचसं बंद. त्यापेक्षा मी एनिसला राहायला सांगतो. एनिस हे काउंटीचं मुख्य गाव आहे. बँका, शाळा, बाजार, न्यायालय सगळं तिथं आहे, त्यामुळे पर्यटक नसले तरी गाव चालूच असतं आणि संगीतही बारा महिने. गल्ल्या मध्ययुगीन, अरुंद, बऱ्याच एकदिशा. गाडी कडेच्या वाहनतळात लावा आणि सकाळपर्यंत विसरा.

इथल्या मैफलीला ‘सेशन’ म्हणतात. पबच्या कोपऱ्यात एक टेबल असतं, बहुधा त्यावर लहानशी पाटी: वादकांसाठी राखीव. तिथे बसायचं नाही, बाक रिकामा दिसला तरी. साडेनऊच्या सुमारास कुणी फिडल (म्हणजे व्हायोलिन) घेऊन येतो, कुणी बासरी, कुणी काखेत काँसर्टिना घेऊन. काँसर्टिना म्हणजे दोन हातांत धरून वाजवायची भात्याची छोटी पेटी, ही क्लेअरची खासियत. मंच नाही, माइक नाही, प्रेक्षकांकडे पाठ करून बसले तरी चालतं. आपल्याकडचं भजनी मंडळ जसं ऐकणाऱ्यांसाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त गातं, तसंच. एक धून दोन-तीनदा वाजते, कुणीतरी नुसतं डोळ्यांनी खुणावतं आणि सगळे एकदम दुसऱ्या धुनेवर उडी मारतात. टाळ्या वाजवल्या नाहीत तरी कुणाला राग येत नाही. पण मध्येच एखादी बाई डोळे मिटून साथीशिवाय गाऊ लागली की अख्खा पब गप्प होतो, ग्लास धुणारा मुलगासुद्धा नळ बंद करतो. तेव्हा फोन वर करू नका.

काउंटीगणिक वाजवणंही बदलतं. पूर्व क्लेअरमध्ये फीकलच्या बाजूला लय संथ, झुलती. केरी आणि कॉर्कच्या सीमेवर पोल्का आणि स्लाइड या नाचाच्या धुना, म्हणजे पाय आपोआप हलणार. डोनेगॉलचं फिडल वेगवान आणि टोकदार. तिकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बटाट्याच्या काढणीला स्कॉटलंडला जात, ते सूर घेऊन परतली.

मिल्टाउन मॅलबे हे एरवी झोपाळू गाव. जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास तिथे विली क्लॅन्सी समर स्कूल भरतं. कोपरानं भाता दाबून वाजवायच्या पाइप्सचा हा मोठा वादक. 1973 साली तो गेला आणि त्याच वर्षापासून त्याच्या नावानं ही शाळा भरते. दिवसा वर्ग, संध्याकाळी प्रत्येक दारातून सूर. खोली मिळणं जवळपास अशक्य, पण एनिसहून जाऊन-येऊन करता येतं. लिस्डूनवार्नाला सप्टेंबरात लग्नं जुळवण्याचा उत्सव असतो. सुगी संपली की शेतकरी बायको शोधायला येत, तिथून सुरुवात. आता मुख्यतः नाच आणि पिणं, पण वधू-वर सूचक मंडळ बघितलेल्या मराठी माणसानं एक फेरी मारायला हरकत नाही.

गॉलवे शहर वरच्या अंगाला, बरेन नावाच्या चुनखडीच्या पठारावरून किनव्हारामार्गे जा. शॉप स्ट्रीटवर भर दिवसा वाजवणारे असतात, भारतीय उपाहारगृहं आहेत, वातावरण कॉलेजचं. फक्त गाडी घेऊन आत शिरू नका. वाहतूक वैताग आणते आणि जुलैअखेरच्या घोड्यांच्या शर्यतींच्या आठवड्यात खोल्यांचे भाव ऐकून मागे फिरावंसं वाटतं.

लहान मुलं बरोबर असतील तर एक नियम आराखडाच बदलून टाकेल. पबमध्ये मुलांना रात्री नऊपर्यंतच थांबता येतं, मे ते सप्टेंबर दहापर्यंत. सेशन साडेनऊला सुरू होत असेल तर तुमच्या वाट्याला अर्धा तास, आणि ऑक्टोबरात तोही नाही. अशांनी दुपारची सेशनं विचारून घ्यावीत, गॉलवेच्या रस्त्यावरचे वादक ऐकावेत, किंवा केरीत ट्रलीच्या सिअम्सा टिरे या लोकनाट्यगृहाची तिकिटं काढावीत. मुलांच्या बाबतीत केरी पुढे आहे.

डोनेगॉल: दुसऱ्या खेपेला

रस्ते सर्वांत रिकामे, डोंगर सर्वांत उघडे, आणि गाडीशिवाय जायचं तर सर्वांत अवघड, कारण या काउंटीत रेल्वेच नाही. केरी आणि क्लेअरमध्ये गाडी म्हणजे सोय. इथे गाडीवाचून पानही हलत नाही.

भारतीय पासपोर्टवाल्यांना एक मोठी अडचण आहे. डब्लिनहून लेटरकेनीला जायचा सरळ रस्ता ओमा आणि स्ट्रबेनवरून, म्हणजे उत्तर आयर्लंडमधून, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीतून जातो. सीमेवर चौकी नाही, शिपाई नाही. पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल येतात एवढाच फरक. पण कायद्यानं तिथे ब्रिटनला चालणारा व्हिसा लागतो. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, तेव्हा युरोपचा व्हिसा दोन्हीकडे निरुपयोगी. ब्रिटन आणि आयर्लंडची भारतीयांसाठी एक सामायिक व्यवस्था आहे, व्हिसावर तसा शेरा असेल तर दोन्हीकडे चालतं. तो नसेल तर स्लायगोमार्गे जा. डब्लिन ते स्लायगो तीन तास, पुढे डोनेगॉल टाउन आणखी तासभर. आणि भाड्याची गाडी उत्तरेत नेणार असाल तर तसं आधी सांगा.

मुक्काम आर्डाराला करा. हे हातमागाच्या ट्वीडचं गाव, दुकानातच माग लावून विणणारे अजून आहेत. खटखट ऐकत कापड निवडता येतं. स्वस्त नाही, पण जाकीट वीस वर्षं टिकेल. तिथून ग्लेनगेशच्या वळणावळणाच्या घाटातून ग्लेनकॉलमकिलला जाता येतं. गाव ओस पडत चाललेलं पाहून तिथले पाद्री जेम्स मॅकडायर यांनी 1967 साली जुन्या गवती छपरांच्या घरांचं संग्रहालय उभं केलं. एकेक घर एकेका शतकाचं. तिथेच मोठ्या माणसांसाठी आयरिश भाषेचे वर्ग चालतात. जगभरातून लोक येऊन आठवडाभर राहतात आणि संध्याकाळी पबमध्ये अडखळत बोलतात. मीनलेकचं लिओज टॅव्हर्न हे गायिका एन्या आणि क्लॅनाड हा बँड यांच्या घरचं पब.

शाकाहाऱ्यांचे हाल मात्र इथे सर्वांत जास्त. सूप आणि ब्राउन ब्रेड चांगला मिळतो, पण सूपमध्ये चिकनचं पाणी आहे का ते विचारा. ‘टोस्टेड स्पेशल’मध्ये हॅम असतं, चीज-कांदा-टोमॅटो वेगळं मागा. आणि पबचं स्वयंपाकघर लवकर बंद होतं, त्यामुळे आधी जेवण, मग संगीत. हे तिन्ही काउंट्यांना लागू.

गाडीविषयी थोडं

स्टिअरिंग उजवीकडे, गाडी डावीकडून, त्यामुळे आपण अमेरिकन पाहुण्यांपेक्षा सुखी. चौकातल्या वर्तुळात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि हे इथे खरंच पाळतात. ऑटोमॅटिक गाड्या कमी आणि महाग, लवकर आरक्षित करा. फेब्रुवारी 2025 पासून गावाकडच्या स्थानिक रस्त्यांची वेगमर्यादा 80 वरून 60 किलोमीटर झाली आहे. ज्या रस्त्याच्या मधोमध गवत उगवलंय तिथे 60 सुद्धा धाडस आहे. समोरून गाडी आली की जवळची रुंद जागा ज्याच्या बाजूला त्यानं मागे घ्यायचं. समोरचा स्टिअरिंगवरून एक बोट उचलेल. तोच नमस्कार, आणि तोच परत करायचा. डब्लिनच्या एम-50 रस्त्यावर टोलनाका दिसत नाही, पण टोल आहे. भाड्याच्या गाडीत तो कसा भरला जातो हे काउंटरवरच विचारा.

पबमध्ये कुठले म्हणून विचारतीलच. महाराष्ट्र म्हटल्यावर चेहरा कोरा राहिला तर लिओ वराडकरांचं नाव घ्या. 2017 साली आयर्लंडचे पंतप्रधान झालेल्या या गृहस्थांचं मूळ गाव मालवणजवळचं वराड. मग पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावं लागत नाही, मतं भरपूर असतात. केरी आणि डोनेगॉलमध्ये फुटबॉलचा (म्हणजे इथल्या गेलिक फुटबॉलचा) विषय मात्र सांभाळून काढा. 2025ची अखिल आयर्लंड अंतिम लढत याच दोघांत झाली आणि केरी जिंकली. दोघांचेही रंग हिरवा आणि सोनेरी, त्यामुळे झेंडा बघून गफलत होऊ शकते.

एवढं वाचूनही ठरत नसेल आणि हातात पाच रात्री असतील, तर तीन एनिसला, दोन डिंगलला. लंडनहून शॅननला थेट विमान आहे, विमानतळावरून एनिस अर्ध्या तासावर. मध्ये शॅनन नदीचं रुंद मुख आडवं येतं. लिमरिकला वळसा घालत बसू नका. किलिमरला फेरीबोटीवर गाडी चढवा, वीस मिनिटांत टार्बर्टला, म्हणजे केरीत उतरता. हिवाळ्यात शेवटची बोट लवकर सुटते, तेवढी वेळ बघून निघा.