जुन्या लाकडी फर्निचरला दिलेला रंग: महिनोन्‌महिने वापरल्यावर काय टिकलं, काय उडालं

रंग दिल्यावर पहिला आठवडा कोणतंही जुनं फर्निचर देखणंच दिसतं. खरा निकाल लागतो तो रोजचे हात, ओली फडकी आणि बदलती हवा त्यावरून गेल्यावर. इथे लिहिलंय ते सतत वापरात असलेल्या वस्तूंबद्दल: जेवणाचं टेबल, हाताच्या खुर्च्या, खणांचं कपाट आणि भिंतीवरचं शेल्फ. सगळं जुनं भरीव लाकूड आहे, फक्त कपाटाच्या दारांवर विनिअर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा. दमट आणि कोरडे, दोन्ही प्रकारचे महिने यात आले. वॉटरबेस अ‍ॅक्रिलिक इनॅमल, ऑइलपेंट, मेण लावलेला चॉक पेंट (खडूसारखा मॅट दिसणारा रंग) आणि पीयू (पॉलियुरेथेनचं पारदर्शक फिनिश) असे चार प्रकार शेजारी शेजारी वापरता आले, म्हणून तुलना करता येते.

नवशिक्याने वॉटरबेस इनॅमल घ्यावं, हे माझं स्पष्ट मत. वास कमी, ब्रश पाण्याने धुता येतो, पांढरा रंग पांढराच राहतो. अपवाद टेबलाच्या वरच्या फळीचा. तिथे पीयूशिवाय काही टिकत नाही. चॉक पेंट फक्त शेल्फवर चांगला राहिला, कारण त्याला कुणी हात लावत नाही.

वॉटरबेस रंगाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज सुकण्याच्या वेळेवरून होतो. तासाभरात बोट लावता येतं, चार ते सहा तासांत दुसरा हात मारता येतो आणि दुसऱ्या दिवशी वस्तू तयार झाली असं वाटतं. पण तो फक्त सुकलेला असतो, पक्का झालेला नसतो. पाणी उडून गेल्यावर रंगातले कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा तयार होतो, आणि तो पूर्ण कडक व्हायला तीन ते चार आठवडे लागतात. हवा दमट असेल तर आणखी. त्या काळात टेबलक्लॉथ टाकला तर त्याची वीण रंगात उमटते. कपाटाचं दार घट्ट लावून ठेवलं तर रंगाला रंग चिकटतो आणि उघडताना कडेचा टवका निघतो. दार लावणं भागच असेल तर मध्ये मेणकागदाची पट्टी ठेवावी. रंग पूर्ण पक्का झाल्यावरही हा त्रास थोडा उरतो. उन्हात तापलेल्या शेल्फवर जड कुंडी महिनाभर एकाच जागी राहिली की तळाचा गोल उमटतोच. कुंडीखाली फेल्टचे तुकडे चिकटवले की प्रश्न संपतो.

खणांच्या बाजू आणि ज्या पट्ट्यांवर खण सरकतो त्या पट्ट्या रंगवूच नयेत. प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) आणि रंगाचे दोन हात मिळून सुकल्यावर साधारण एक दशांश मिलिमीटर जाडी होते. खण आणि चौकट दोन्ही रंगवली तर दोन्ही बाजूंची जाडी मिळून जुन्या बेताच्या फटीतली बरीचशी जागा खाऊन टाकते. त्यात दमट हवेने लाकूड फुगलं की खण अडकतो. दर्शनी फळी तेवढी रंगवावी आणि सरकणाऱ्या भागावर साधी मेणबत्ती घासावी. हे खण दमट महिन्यांतही सहज सरकतात.

ऑइलपेंट कडकपणात वॉटरबेसच्या पुढे आहे, यात वाद नाही. पण पांढरा ऑइलपेंट अंधारात पिवळा पडतो. कपाटाच्या आतल्या बाजू काही महिन्यांतच जुन्या कागदासारख्या दिसू लागल्या, तर त्याच डब्यातला बाहेरचा रंग उजेडामुळे बराच पांढरा राहिला. त्यामुळे कपाटाच्या आत पांढरा ऑइलपेंट नको. गडद रंगाला ही अडचण येत नाही.

आता झीज कुठे झाली ते. मोठ्या सपाट भागांवर जवळजवळ कुठेच नाही. पहिला बळी खुर्चीच्या हातांचा, तोही नेमका पुढच्या टोकाचा, जिथे तळहात टेकतो. घाम आणि त्वचेचं तेल अ‍ॅक्रिलिक रंगाला मऊ करतात. आधी तो भाग किंचित चिकट लागतो, मग मळ धरतो, मग नखाने खरवडला तरी निघतो. ज्या खुर्च्यांच्या हातांवर इनॅमल पक्कं झाल्यावर वॉटरबेस पीयूचे दोन पातळ थर दिले होते, तिथे असं झालं नाही. खणांच्या आणि दारांच्या मुठीभोवतीचा भागही असाच. तिथे नखं घासतात, म्हणून मूठ बसवण्याआधी त्या तळहाताएवढ्या जागेवर पीयू द्यावा.

दुसरी जागा म्हणजे पायांचे तळ. लादी पुसताना पाणी तिथून वर चढतं, कारण पायाच्या टोकाला लाकडाच्या नळ्या उघड्या असतात आणि त्या पाणी शोषतात. रंग खालून फुगतो आणि बोटभर उंचीपर्यंत पोपडे निघतात. खुर्ची उलटी केली तर तळाला बहुतेक वेळा कोरं लाकूडच दिसतं, कारण रंग देताना ती उभी असते. उपाय सोपा आहे. सुरुवातीलाच खुर्ची उलटी करून तळ १८० नंबरच्या सँडपेपरने घासावा, निम्मं टर्पेंटाइन घातलेला ऑइलबेस पीयू लाकूड पितं तितका पाजावा, दुसऱ्या दिवशी न पातळ केलेला एक हात द्यावा आणि सुकल्यावर नायलॉनचे ठोकायचे बूट बसवावेत. इतकं केलेल्या पायांना एकही पोपडा नाही.

तिसरी गोष्ट झीज नव्हे, पण घाबरवते: चौकटीत बसवलेल्या फळीच्या कडेला कोरड्या हवेत दिसणारी कोऱ्या लाकडाची बारीक रेघ. फळी आडव्या दिशेने आकुंचन पावते आणि खाचेत लपलेला न रंगवलेला भाग बाहेर येतो. ती फट लांबी (पुट्टी) भरून बंद करू नये. फळीला हलायला जागा लागते. ती अडवली तर दमट महिन्यांत चौकटीचे सांधे उघडतात किंवा नंतर फळीच चिरते. कोरड्या दिवसांत, फळी आक्रसलेली असताना रंग दिला की ही रेघ दिसतच नाही.

टेबलाची फळी मात्र वेगळीच गोष्ट. नुसत्या इनॅमलवर गरम भांड्याचा गोल आणि हळदीचा डाग दोन्ही राहतात. लाकूड दिसायला हवं असेल तर ऑइलबेस पीयू चांगला. पहिला हात १० ते १५ टक्के टर्पेंटाइन घालून, पुढचे दोन तसेच, दोन हातांमध्ये रात्रभराचं अंतर आणि प्रत्येक वेळी ३२० च्या पेपरने हलकं घासणं. तो लाकडाला मधासारखी छटा देतो, म्हणून पांढऱ्या रंगावर तो नको. तिथे वॉटरबेस पीयूच. फळीच्या खालच्या बाजूलाही तेवढंच फिनिश द्यावं. नाहीतर एक बाजू ओल घेते, दुसरी घेत नाही आणि फळी वाकते.

हे सगळं टिकलं ते रंगामुळे कमी आणि तयारीमुळे जास्त. आधी जुनं फिनिश ओळखावं. न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट दाबून धरावा. चिकट होऊन कापसावर तपकिरी उतरलं तर ते लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर पीयू, मेलामाइन किंवा चांगला मुरलेला ऑइलपेंट. खूप जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नये आणि हीट गनने तापवू नये. ओलं करून घासावं किंवा रिमूव्हर लावून खरवडावं, मुलांना दूर ठेवावं आणि चोथा झाडून न टाकता ओल्या फडक्याने गोळा करावा.

जुना रंग घट्ट असेल तर तो पूर्ण काढायची गरज नाही. छोट्या जागेवर धुऊन, घासून प्रायमर लावावा आणि दोन दिवसांनी ब्लेडने आडव्या-उभ्या पाच-सहा रेघा मारून त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी. चौकोन पट्टीबरोबर निघाले तर जुना रंग काढावाच लागेल.

धुणं आधी, घासणं नंतर. उलट केलं तर तेल आणि मेण पेपरबरोबर लाकडात आणखी चोळलं जातं. १ लिटर कोमट पाण्यात १ मोठा चमचा धुण्याचा सोडा, घट्ट पिळलेलं फडकं, मग दोनदा साध्या पाण्याने पुसणं. विनिअरवर पाणी साचू देऊ नये. लाकूड दिसतं ठेवायचं असेल तर सोडा टाळावा, कारण टॅनिन हे तुरट द्रव्य असलेलं लाकूड त्याने काळपटतं. पुसल्यावर एक दिवस वाळू द्यावं आणि टर्पेंटाइनने एकदा पुसून घ्यावं. पूर्वी सिलिकॉनचं फवारा पॉलिश वापरलेलं असेल तर रंग मारताच त्यात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. अशा वेळी वर आणखी रंग थापू नये. पुसून काढावं, टर्पेंटाइनने फडकी बदलत साफ करावं आणि लाखेचा एक हात देऊन मगच पुढे जावं.

भरीव लाकडाला पेपर १२०, मग १८०, शेवटी २२०, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. विनिअर मिलिमीटरभरही जाड नसतं, तिथे थेट १८० पासून हातानेच घासावं. हलणारे सांधे रंगाआधी सोडवून, जुना सरस खरवडून, नवा लावून २४ तास आवळून ठेवावेत. हलत्या सांध्यावरचा रंग तडकणारच.

सागवान किंवा शिसवीवर पांढरा रंग देणार असाल तर प्रायमरचा प्रकार पाहून घ्या. वॉटरबेस प्रायमरमधलं पाणी लाकडातला रंग बाहेर ओढतं आणि दुसऱ्या दिवशी पिवळे-तपकिरी ढग उमटतात. वर कितीही हात मारले तरी ते पुन्हा येतात. मेण काढलेल्या लाखेचा एक हात त्यांना अडवतो: १०० मिली स्पिरिटमध्ये सुमारे २५ ग्रॅम लाखेच्या पापड्या, रात्रभर विरघळवून गाळलेल्या. मेण असलेल्या साध्या लाखेवर पीयू नीट धरत नाही, म्हणून पापड्या घेताना विचारून घ्याव्यात. भिजवलेली लाख महिनोन्‌महिने ठेवली तर ती नीट सुकत नाही, लागेल तेवढीच करावी.

रंग किती लागतो? चांगला रंग एका हातात लिटरला साधारण १० चौरस मीटर जातो. पायांसकट मध्यम टेबल अडीच चौरस मीटर धरलं तर दोन हातांना अर्धा लिटर पुरतो. थर पातळच हवेत. उभ्या बाजूवर ओघळ आला तर ओला असताना एकदाच ब्रश फिरवावा. रंग सुकायला लागून ब्रशला ओढू लागला असेल तर हात लावू नये. दोन-तीन दिवसांनी ब्लेडने तासून ३२० ने घासावा. पीयू, जवस तेल किंवा ऑइलपेंट पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

मेण लावलेल्या चॉक पेंटबद्दल इतकंच: रंग देणं सगळ्यात सोपं, निगा राखणं सगळ्यात कठीण. तेलाचा थेंब लगेच आत जातो, ओल्या ग्लासाचा गोल पडतो आणि मेण ठरावीक काळाने पुन्हा लावावं लागतं. शिवाय नंतर दुसरा रंग द्यायचा झाला तर सगळं मेण टर्पेंटाइनने काढल्याशिवाय तो धरत नाही.

पहिला महिना फक्त कोरडं फडकं वापरावं, नंतर भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घातलेलं पाणी. टवका उडालाच तर तेवढ्यावर ठिपका देऊ नका, त्याची चमक वेगळी दिसते. कडा ४०० च्या पेपरने ओल्या घासून बसवाव्यात, खोल असेल तर लांबी आणि प्रायमर, आणि शेवटचा पातळ हात त्या पूर्ण पट्टीवर सांध्यापासून सांध्यापर्यंत द्यावा. त्यासाठी उरलेला रंग मोठ्या डब्यात न ठेवता गळ्यापर्यंत भरेल अशा छोट्या काचेच्या बाटलीत ओतावा आणि वर शेड क्रमांक व तारीख लिहून ठेवावी.