एएनएम, जीएनएम की बी.एस्सी. नर्सिंग? वर्षं मोजण्याआधी

पारोळ्याच्या बसस्टँडवर एका मावशीनं मला विचारलं, "मनी पोरले नर्सना कोर्स करना शे. कितला वरीस लागतीन?" एएनएमला (सहायक परिचारिका व प्रसाविका) दोन, जीएनएमला (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या) तीन, बी.एस्सी. नर्सिंगला चार. पण एवढ्यावर निर्णय घेऊ नका.

एएनएमला कोणत्याही शाखेची बारावी चालते, प्रवेश मात्र फक्त मुलींना. दोन वर्षांतच सहा महिन्यांची इंटर्नशिप येते. पुढची वाट आरोग्यसेविकेची, म्हणजे गावातल्या आरोग्य उपकेंद्राची. सपाटीवर ५००० लोकसंख्येमागे एक, धडगाव-अक्कलकुव्यासारख्या आदिवासी भागात ३००० मागे एक, असा उपकेंद्राचा निकष. लसीकरणाच्या सकाळी बर्फाची पाकिटं कानाशी धरून हलवायची, आत पाणी डुचमळलं की मगच व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या थंड पेटीत ठेवायची, नाहीतर पेंटाव्हॅलंट ही पाच रोगांवरची लस गोठून वाया जाते. त्या पाड्यावर ही काळजी घेणारी तुम्हीच. या कामाला कमी लेखणाऱ्यांचा मला राग येतो.

जीएनएम मुलांनाही खुलं आहे. कला शाखा चालते, पण इंग्रजी हवं आणि ४० टक्के गुण हवेत. हे शिक्षण वॉर्डातलं. ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचं, सेट एका मिलीला २० थेंबांचा, तर मिनिटाला साधारण ४२ थेंब. हा हिशेब घड्याळाकडे बघत हात आपोआप करू लागतो. पुढे स्टाफ नर्स.

बी.एस्सी.ला भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि खुल्या गटात ४५ टक्के लागतात. पदवी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची. समुदाय आरोग्य अधिकारी व्हायचं किंवा पुढे शिकवायचं असेल तर हाच रस्ता सरळ.

मी आधी एएनएम, मग जीएनएम केलं. आधीच्या शिक्षणाची एका दिवसाचीही सूट मिळाली नाही. आजच्या हिशेबानं दोन आणि तीन, वर पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची, म्हणजे जीएनएमनंतरच्या पदवीची दोन, म्हणजे पदवीपर्यंत सात वर्षं. म्हणून सायन्सला बरे गुण असतील आणि चार वर्षांचा खर्च झेपत असेल तर थेट बी.एस्सी. करा. आर्ट्स असेल तर जीएनएम. घरात लवकर पगार हवा असेल आणि गावोगाव फिरायची तयारी असेल, तर एएनएम.

सहा महिन्यांत नर्स करून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. माझ्या शेजारच्या मुलीनं असा कोर्स केला. आज ती मन लावून रुग्णांची सेवा करते, पण महाराष्ट्र परिचर्या परिषदेत तिची नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय नर्सची जागा मिळत नाही.

फी भरण्याआधी कॉलेजकडे त्याच वर्षाचं मान्यतापत्र मागा. प्रॅक्टिकल कोणत्या दवाखान्यात, तेही विचारा. मग सकाळी नऊच्या सुमारास त्या दवाखान्यात स्वतः जा आणि खाटांवर रुग्ण आहेत का ते बघा.