मंडळीच्या जुन्या नोंदवह्यांची बांधणी: बेळगावातल्या एका बाइंडरचं काम

एका छोट्या गावच्या बॅप्टिस्ट मंडळीच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, चार वह्या या दुकानात बांधणीला आणि स्कॅनिंगला गेल्या होत्या: सभासद यादी, बाप्तिस्मा नोंदवही, विवाह नोंदवही आणि सभांचं इतिवृत्त. मंडळीचा इतिहास लिहायला बसलं की हाताशी मूळ साधनं असतात ती हीच.

शिलाई पहिल्या प्रतीची. जुजबंदी असल्याने प्रत्येक फर्मा (एकत्र दुमडलेल्या पानांचा जुडगा) घडीतून वेगळा शिवलेला. वही सपाट उघडते, घडीलगतची अक्षरं दिसतात. कडेने भोकं पाडून शिवली असती तर ती दडलीच असती. चिकटवायला मैद्याची खळ, किडीसाठी त्यात मोरचूद. खळ पाण्याने सुटते. फेव्हिकॉल निघताना कागद घेऊन निघतो. पण खळ सावकाश सुकते. पावसाळ्यात, खानापूरकडे तर जास्तच, दाबातून घाईने काढलेला पुठ्ठा वाकतो आणि अस्तराखाली बुरशी धरते. काम दिवाळीनंतर द्या.

खरी तक्रार कटिंगची. तिन्ही कडा कापून वही चकचकीत करायची दुकानाला सवय. शाळेच्या वहीला ते शोभतं. सभासद यादीत शेऱ्याचा रकाना उजव्या टोकाला असतो: ‘बदलीपत्र दिले’, ‘शिस्तीखाली’ (म्हणजे मंडळीने शिक्षा केलेला), ‘मरण पावले’. बॅप्टिस्ट मंडळीवर बिशप नसतो, कोणाला घ्यायचं आणि कोणाला वगळायचं हे सभासदांची सभा ठरवते. म्हणजे मंडळीतले वाद, स्थलांतरं, समेट सगळे त्या रकान्यात. इथे काही शेऱ्यांची शेवटची अक्षरं कात्रीखाली गेली. ‘कटिंग नको’ असं पावतीवरच लिहून घ्या, तोंडी सांगून भागत नाही.

विवाह नोंदवहीतली फाडलेल्या पानांची थोटकंही काढू देऊ नका. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार परवानाधारक पाळकाने प्रमाणपत्र वेगळं करून महिन्याच्या आत निबंधकाकडे पाठवायचं असतं. त्यामुळे थोटूक म्हणजे वही खराब झाल्याची नव्हे, नियम पाळल्याची खूण.

स्कॅनिंग बांधणीच्या आधी, फर्मे सुटे असताना करतात, हे उत्तम. रंगीत, ३०० डीपीआय मागा. काळ्या-पांढऱ्यात फिकट तपकिरी शाई उडून जाते. पीडीएफ वाचायला ठीक, जपायला टिफ (TIFF) फाइल.

फाइलींची नावं मात्र स्वतः द्या. दुकानाने बाप्तिस्म्याच्या वहीला ‘जन्मनोंद’ म्हटलं. मेथडिस्ट किंवा बेळगाव कॅम्पातल्या सेंट मेरीज चर्चच्या अँग्लिकन परंपरेत तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा होतो, म्हणून समज तसा. बॅप्टिस्टांत स्वतः विश्वास कबूल केल्यावरच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा. तारखेवरून वय काढायला गेलात तर पणजोबा आजोबांपेक्षा लहान निघतील.

सूची टाइप करून घेण्याच्या भानगडीत पडू नका. जुन्या पानांवर मोडी असेल तर ती इथे कोणी वाचत नाही. (मोडी आणि बॅप्टिस्ट हे नातं जुनं: सेरामपूरचे बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरी यांचा १८१० चा मराठी कोश मोडी टाइपातच छापला होता.) १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतरच्या पानांत कन्नड मिसळलं असेल, तर एकच आडनाव दोन लिप्यांत दोन माणसांचं होऊन बसतं.

दर फर्म्यावर धरतात, पानावर नव्हे. आधी फर्मे मोजून घ्या.