स्पार्क टेस्टर: जुनी सिंगल सिलेंडर गाडी असेल तर घ्याच

किक मारमारून पाय दुखला तरी गाडी चालू होत नसेल तर लगेच कार्बोरेटर खोलायला बसू नका, हा टेस्टर स्पार्क प्लग आणि त्याच्या कॅपच्या मध्ये लावा न किक मारा, दिवा लुकलुकला म्हणजे करंट येतोय, नाही पेटला तर कॅप, कॉइल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी), किल स्विचची (इंजिन बंद करायच्या बटणाची) वायर बघा, जुनी पॉइंटवाली (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट असलेली) असेल तर पॉइंट पण. दिवा पेटतोय तरी चालू नाही? प्लग काढा, ओलाचिंब असेल तर ओव्हरफ्लो, म्हणजे पेट्रोल जास्त येतंय, कोरडा ठाक असेल तर पेट्रोलच पोचत नाहीये, बऱ्याचदा पायलट जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) कचऱ्याने बुजलेला असतो. उन्हात दिवा नीट दिसत नाही, आणि मेन म्हणजे स्पार्क कमजोर असला तरी हा लुकलुकतोच, ते ओळखायला गॅप (स्पार्क उडी मारतो ते अंतर) कमीजास्त करता येणारा टेस्टर लागतो, जमलं तर सरळ तोच घ्या.