पेठांमधला हेरिटेज वॉक: उत्तर लगेच देत नाहीत, म्हणूनच लक्षात राहतो

पुण्यात जुन्या पेठांमधून सकाळी चालत फिरवणारे बरेच ग्रुप आहेत, त्यातल्या एकाबरोबर मागच्या महिन्यात मी, नवरा आणि माझा भाचा असे तिघं जाऊन आलो. शनिवारवाडा, कसबा गणपती, सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती आणि शेवटी मंडई असा रूट होता. नाश्ता धरून माणशी पाचशे रुपये, आणि पैसे वसूल झाले असं मी अगदी मनापासून म्हणेन.

कारण सांगते. आमच्या गाईड ताई कुठेही पोचल्या पोचल्या माहिती सुरू करत नव्हत्या, आधी प्रश्न टाकायच्या आणि मग गप्प उभ्या राहायच्या. शनिवारवाड्यात हजारी कारंज्यापाशी त्यांनी विचारलं, वीज नाही, पंप नाही, मग इथे पाणी उडायचं कसं? लोक काहीबाही सांगत होते, कुणी म्हणालं हत्ती पाणी ओढत असतील, कुणी म्हणालं खाली विहीर असेल. ताईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मग कात्रजच्या तलावाचा विषय काढला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात १७५० च्या सुमाराला तिथून जमिनीखालून बांधीव नळ काढून पाणी शहरात आणलं, तलाव उंचावर आणि शहर खाली, त्यामुळे पाणी आपल्या आपण वाहत यायचं, वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा बाहेर पडायला ठेवलेले उंच बांधकाम, आणि पेठांमध्ये हौद. ही माहिती कुठल्याही पुस्तकात मिळते हो, पण आधी दहा मिनिटं डोकं खाजवलेलं असलं की ती आत जाऊन बसते.

त्रिशुंड गणपतीला तर कहर. १७५४ मध्ये बांधायला सुरुवात झालेलं हे काळ्या दगडाचं देऊळ, मूर्तीला तीन सोंडा आणि वाहन उंदराऐवजी मोर. पण ताई आत नेईनातच. म्हणाल्या, "दर्शनी भिंतीवर एक प्राणी आहे जो पुण्यात सापडत नाही, तो शोधा, मगच आत जायचं." आमचा भाचा नऊ वर्षांचा, एरवी देवळात पाच मिनिटं थांबत नाही, तो भिंतीला नाक लावून एकेक दगड बघत होता. आणि ओरडलाच, "मावशी गेंडा!! आणि त्याला बांधलंय!" खरंच, साखळदंडाने बांधलेला गेंडा आणि भोवती गोरे शिपाई. तो तिथे का कोरला असेल यावर ताईंनी दोन-तीन अंदाज सांगितले, पक्कं उत्तर दिलं नाही, आणि मला हेच फार आवडलं. घरी येईपर्यंत दोघं मामा-भाचे, म्हणजे खरं तर काका-भाचे, गेंड्यावरच बोलत होते.

मंडईला प्रश्न होता की ज्या माणसाने नगरपालिकेत असताना या इमारतीच्या खर्चाला विरोध केला, हा पैसा शिक्षणावर घाला म्हणून, त्याचंच नाव हिला कसं? १८८६ ची ही इमारत, तेव्हाचं नाव रे मार्केट, आज महात्मा फुले मंडई. भाजी घेणाऱ्या एक आजी पण थांबून ऐकायला लागल्या.

यामागे सायन्स पण आहे. २०१४ मध्ये कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या डेव्हिस कॅम्पसमधल्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता, लोकांना प्रश्न द्यायचे, उत्तराची वाट बघत असताना मध्येच एखादा अनोळखी चेहरा दाखवायचा. ज्या प्रश्नांबद्दल जास्त उत्सुकता होती त्यांची उत्तरं तर जास्त लक्षात राहिलीच, पण त्या वेळी दिसलेले, प्रश्नाशी काही संबंध नसलेले चेहरे पण जास्त लक्षात राहिले. मला हे शंभर टक्के पटतं, कारण त्रिशुंडच्या बाहेर सायकल पुसत बसलेले काका आणि त्यांचा मोरपंखी स्वेटर मला अजून दिसतो, आणि त्याच सकाळी नाश्त्याला शेजारी कोण बसलं होतं ते विचाराल तर नाही सांगता येणार.

आता खटकलेल्या गोष्टी. पहिली आणि मोठी म्हणजे आदल्या रात्री व्हॉट्सॅपवर येणारी पीडीएफ. त्यात सगळी उत्तरं आहेत, गेंड्याच्या फोटोसकट! ग्रुपमधल्या दोघांनी ती वाचली होती आणि ते सगळीकडे पुढे पुढे उत्तर देऊन मोकळे, बाकीच्यांची मजा गेली. ही पीडीएफ वॉक झाल्यावर पाठवा अशी माझी आयोजकांना कळकळीची विनंती आहे. दुसरं म्हणजे पंचवीस माणसं जास्त होतात, अरुंद गल्लीत मागच्यांना ऐकू येत नाही, पंधरावर थांबवा. आणि कसबा गणपती फारच घाईत उरकला, ग्रामदैवत आहे, तिथे पण एखादा प्रश्न हवा होता.

आठ वर्षांपुढच्या मुलांना नक्की न्या. गुडघे दुखत असतील तर आधी आयोजकांशी बोला, अंतर बरंच आहे आणि मध्ये बसायला जागा नाही. रविवारची बॅच लवकर भरते, शनिवारची घ्या. आणि पीडीएफ आली तरी उघडू नका.